परिवलन पट्टा कसा वाचावा: न्यूट्रॉन-न्यून अणुकेंद्रांचा आकार आकड्यांवरून ओळखण्याची पद्धत

अणुकेंद्राचा आकार डोळ्यांनी पाहण्याची कोणतीही सोय नाही. ते गोल आहे, लांबट आहे की चपटे आहे, हे त्यातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जा आणि ते बाहेर पडायला लागणारा वेळ यांवरूनच ओळखावे लागते. एम.एस्सी.च्या वर्गात परिवलन पट्ट्याचे, म्हणजे रोटेशनल बँडचे, सूत्र एका तासात शिकून होते. पुढे शोधनिबंधातली शंभर-दीडशे पातळ्यांची लेव्हल स्कीम, म्हणजे ऊर्जा-पातळ्या आणि त्यांमधली संक्रमणे यांचा आराखडा, समोर आली की ते सूत्र नेमके कुठे लावायचे, हे मात्र कळत नाही. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. हाताशी गणकयंत्र आणि आलेखाचा कागद असावा, किंवा संगणकावर एखादे स्प्रेडशीट उघडलेले असावे, आणि पुढे दिलेली प्रत्येक आकडेमोड स्वतः करून पाहावी.

उदाहरण म्हणून आपण एर्बियम-१५८ घेऊ. त्यात ६८ प्रोटॉन आणि ९० न्यूट्रॉन आहेत. एर्बियमचा सर्वांत हलका स्थिर समस्थानिक एर्बियम-१६२ आहे, म्हणजे आपल्या अणुकेंद्रात त्याच्यापेक्षाही चार न्यूट्रॉन कमी आहेत आणि ते काही तासांतच क्षय पावते. अशा अणुकेंद्रांना न्यूट्रॉन-न्यून म्हणतात. मी हेच उदाहरण निवडले याचे कारण असे, की नवशिक्याला शिकायच्या बहुतेक सगळ्या गोष्टी त्याच्या एकाच पट्ट्यात, एकापुढे एक, भेटतात.

पायरी पहिली: हे अणुकेंद्र कसे तयार होते आणि इतके वेगाने का फिरते, हे समजून घ्या

हलक्या स्थिर अणुकेंद्रांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळजवळ सारखे असतात, तर जड अणुकेंद्रांना स्थिर राहण्यासाठी न्यूट्रॉन बरेच जास्त लागतात. त्यामुळे दोन हलकी किंवा मध्यम अणुकेंद्रे एकमेकांत मिसळली, की तयार होणाऱ्या जड अणुकेंद्राला न्यूट्रॉन कमी पडतात. कॅल्शियम-४८ चा झोत कॅडमियम-११४ च्या पातळ पत्र्यावर सोडला, तर संयुक्त अणुकेंद्र म्हणून एर्बियम-१६२ तयार होते. ते अतिशय तप्त असल्यामुळे चार न्यूट्रॉन बाहेर टाकते आणि मागे एर्बियम-१५८ उरते. कॅल्शियम-४८ हे स्वतः न्यूट्रॉनांनी समृद्ध असलेले अणुकेंद्र आहे, तरीही परिणाम न्यूट्रॉन-न्यूनच होतो.

टक्कर क्वचितच अगदी समोरासमोर होते. बहुतेक वेळा झोतातले अणुकेंद्र लक्ष्याच्या मध्यापासून थोडे बाजूला आदळते, आणि त्यामुळे संयुक्त अणुकेंद्राला प्रचंड कोनीय संवेग मिळतो. बाहेर पडणारे न्यूट्रॉन ऊर्जा पुष्कळ नेतात, परंतु कोनीय संवेग थोडाच नेतात. उरलेला कोनीय संवेग गॅमा किरणांच्या लांब साखळीतून, बहुतांशी प्रत्येक किरणामागे दोन एकक (एक एकक म्हणजे एक एच-बार) या हिशेबाने, उतरत जातो. उच्च स्पिनचा, म्हणजे मोठ्या कोनीय संवेगाच्या अवस्थांचा, अभ्यास मुख्यतः न्यूट्रॉन-न्यून अणुकेंद्रांवरच का झाला, याचे उत्तर या अभिक्रियेत आहे.

पायरी दुसरी: आकडे मिळवा आणि पट्टा वेगळा काढा

अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय अणुकेंद्रीय विदा केंद्राच्या न्यूडॅट या संकेतस्थळावर प्रत्येक अणुकेंद्राच्या पातळ्यांची मूल्यमापन केलेली यादी विनामूल्य मिळते. यादी ऊर्जेच्या क्रमाने असते, पट्ट्याच्या क्रमाने नव्हे. म्हणून सुरुवातीला गोंधळ होतो. स्पिन (पातळीचा कोनीय संवेग) आणि पॅरिटी (आरशातल्यासारख्या उलटापालटीत अवस्थेचे चिन्ह बदलते की नाही) कंसात छापलेली असेल तर ती नेमणूक पक्की नाही, असे समजावे. नवशिके हा कंस सर्रास दुर्लक्षितात आणि मग संशयास्पद पातळीवर निष्कर्षांची इमारत उभी करतात. पहिल्याच दिवशी कंस टिपून ठेवायची सवय लावावी.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या अणुकेंद्राची मूळ अवस्था नेहमी शून्य स्पिन आणि धन पॅरिटीची असते. ती विरूपित असेल, तर तिच्यावर २, ४, ६, ८ अशा सम स्पिनच्या पातळ्या उभ्या राहतात. विषम स्पिन या पट्ट्यात येत नाहीत, कारण लांबट आकार मध्यातून दोन्ही बाजूंना सारखाच असतो. एर्बियम-१५८ च्या या पट्ट्यातील लागोपाठच्या संक्रमणांच्या ऊर्जा, केईव्हीमध्ये (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या एककात) पूर्णांकापर्यंत घेतल्या तर, खालून वर अशा येतात: १९२, ३३५, ४४३, ५२३, ५७९, ६०९, ५१०, ४७३, ५६६, ६५९. पहिला आकडा २ वरून ० वर येणाऱ्या किरणाचा, शेवटचा २० वरून १८ वर येणाऱ्या किरणाचा. हे दहा आकडे कागदावर एका उभ्या ओळीत लिहून घ्या. पुढचे बरेचसे काम त्यांवरच चालणार आहे.

पायरी तिसरी: पहिले गुणोत्तर काढा, पण त्यावर थांबू नका

आदर्श परिवलकाची ऊर्जा स्पिन गुणिले स्पिन अधिक एक, या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. म्हणून ४ स्पिनच्या पातळीची ऊर्जा २ स्पिनच्या पातळीच्या वीस भागिले सहा पट, म्हणजे ३.३३ पट असावी. गोल अणुकेंद्र नुसते कंप पावत असेल, तर हे गुणोत्तर २ च्या आसपास येते. आपल्या उदाहरणात ४ ची पातळी १९२ अधिक ३३५, म्हणजे ५२७ केईव्हीवर आहे. तिला १९२ ने भागले की २.७४ मिळते. हे मूल्य या दोन टोकांच्या मधले आहे.

आता शेजारी पाहा. एर्बियम-१५६ साठी हे गुणोत्तर सुमारे २.३ आहे, एर्बियम-१६० साठी ३.१, एर्बियम-१६२ साठी ३.२ आणि एर्बियम-१६४ साठी सुमारे ३.३. नुसते दोन-दोन न्यूट्रॉन वाढवत गेल्यावर अणुकेंद्र कंपकाकडून परिवलकाकडे सरकते आणि आपले अणुकेंद्र नेमके त्या चढावर आहे. न्यूट्रॉनांची संख्या ८२ या जादुई, म्हणजे कवच पूर्ण भरणाऱ्या, संख्येपासून जसजशी दूर जाते, तसतसे कवचाबाहेरचे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना ओढून अणुकेंद्राला लांबट करतात, असे त्याचे स्थूल कारण आहे. अशा सामूहिक गतीच्या सिद्धांतासाठीच ऑगे बोर, बेन मॉटेलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे गुणोत्तर उपयुक्त आहे, परंतु ते फक्त दोन पातळ्यांवर उभे आहे. न्यूट्रॉन-न्यून प्रदेशात तेवढ्यावर निकाल देणे धोक्याचे आहे. का ते पारा-१८४ च्या पायरीत दिसेल.

पायरी चौथी: प्रत्येक संक्रमणासाठी जडत्व आघूर्ण काढा

इथे खरे काम सुरू होते. ज्या पातळीवरून किरण निघतो तिचा स्पिन घ्या. त्याची चौपट करा, त्यातून दोन वजा करा आणि एमईव्हीमध्ये (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) घेतलेल्या संक्रमण-ऊर्जेने भागा. मिळालेली संख्या जडत्व आघूर्णाची दुप्पट असते, एच-बारच्या वर्गाच्या एककात आणि प्रति एमईव्ही. परिवलक आदर्श असता, तर ही संख्या सगळ्या पट्ट्यात एकच आली असती.

आपल्या पट्ट्यात ती अशी येते. २ स्पिनसाठी ६ भागिले ०.१९२, म्हणजे ३१. ४ साठी १४ भागिले ०.३३५, म्हणजे ४२. पुढे ६ साठी ५०, ८ साठी ५७, १० साठी ६६, १२ साठी ७६. इथवर वाढ सावकाश आहे. त्यानंतर १४ स्पिनला ती एकदम १०६ होते, १६ ला १३१, आणि मग १८ ला १२४ आणि २० ला ११८ अशी किंचित उतरते.

या आकड्यांची तुलना कशाशी करायची? एकसंध, घट्ट गोळ्याशी. त्याचे जडत्व आघूर्ण, याच एककात, द्रव्यमानांकाचा पाच-तृतीयांश घात भागिले ७२ इतके असते. १५८ साठी ते सुमारे ६४ येते, म्हणजे दुप्पट १२८. मूळ अवस्थेजवळ आपल्या अणुकेंद्राचे जडत्व आघूर्ण घट्ट गोळ्याच्या जेमतेम चतुर्थांश आहे. कारण न्यूट्रॉन न्यूट्रॉनांशी आणि प्रोटॉन प्रोटॉनांशी विरुद्ध कोनीय संवेगाच्या जोड्या करून असतात आणि त्या जोड्यांचा बराचसा भाग परिवलनात सामील होत नाही. फिरण्याचा वेग वाढला की जोड्या सैल पडतात आणि आघूर्ण वाढते. १६ स्पिनला ते घट्ट गोळ्याच्या मूल्यापाशी पोहोचल्यासारखे दिसते. पण याचा अर्थ सर्व जोड्या मोडल्या, असा करू नये. तिथे काहीतरी निराळे घडले आहे.

पायरी पाचवी: आलेख काढा आणि वळण ओळखा

संक्रमण-ऊर्जेची निम्मी म्हणजे साधारणपणे परिवलनाची कोनीय वारंवारता, ऊर्जेच्या एककात. तिचा वर्ग आडव्या अक्षावर आणि जडत्व आघूर्णाची दुप्पट उभ्या अक्षावर घ्या. पहिले सहा बिंदू उजवीकडे वर चढत जातात. वारंवारता ०.०९६ वरून ०.३०५ एमईव्हीपर्यंत वाढते. सातव्या बिंदूला ती ०.२५५ वर घसरते, आठव्याला ०.२३७ वर, आणि मग पुन्हा ०.२८३, ०.३३० अशी वाढू लागते. आलेख मागे वळून इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. यालाच बॅकबेंडिंग म्हणतात. अणुकेंद्राचा कोनीय संवेग वाढतो आहे आणि तरी त्याची फिरण्याची गती मंदावते आहे, ही गोष्ट पहिल्यांदा आलेखावर स्वतः काढून पाहावी. ती वाचून पटत नाही. १९७१ मध्ये स्टॉकहोममधील जॉन्सन, रिडे आणि सहकाऱ्यांनी डिस्प्रोसियम-१६० मध्ये ती प्रथम दाखवली.

स्पष्टीकरण १९७२ मध्ये स्टीफन्स आणि सायमन यांनी दिले. आय-१३/२ या कक्षेत (नावातला १३/२ हा त्या कक्षेतील कणाचा कोनीय संवेग) न्यूट्रॉनांचा कोनीय संवेग मोठा असतो, म्हणून फिरत्या अणुकेंद्रात त्यांच्यावर कोरिऑलिस बल सर्वाधिक लागते. एका मर्यादेनंतर त्यांची एक जोडी फुटते आणि दोन्ही न्यूट्रॉन आपला कोनीय संवेग परिवलन-अक्षाच्या दिशेला लावून घेतात. एवढा संवेग दोन न्यूट्रॉनांकडूनच मिळाल्यावर उरलेल्या अणुकेंद्राला तितके वेगाने फिरण्याची गरज राहत नाही, आणि वारंवारता उतरते. म्हणजे जे एका पट्ट्यासारखे दिसले, ते वास्तविक दोन पट्टे एकमेकांना छेदून गेलेले आहेत. १२ च्या खाली आपण एकावर चालत होतो, १६ च्या वर दुसऱ्यावर.

या संरेखनाचे माप कोणतेही गुंतागुंतीचे प्रतिमान न वापरता काढता येते. १८ वरून १६ वर येणाऱ्या संक्रमणाची वारंवारता ०.२८३ आहे आणि तिथे अक्षाच्या दिशेचा कोनीय संवेग, दोन्ही पातळ्यांच्या मधला धरून, १७.५ एकक आहे. त्याच वारंवारतेला खालच्या शाखेवर, म्हणजे ८ आणि १० स्पिनच्या संक्रमणांच्या दरम्यान, तो सुमारे ९ येतो. फरक साडेआठ एककांचा. आय-१३/२ कक्षेतील दोन न्यूट्रॉन जास्तीत जास्त १३/२ अधिक ११/२, म्हणजे १२ एकक देऊ शकतात. आपला आकडा त्या मर्यादेत आहे. शोधनिबंधांत याच कामासाठी हॅरिस यांचे दोन अंगांकांचे (पॅरामीटरांचे) संदर्भसूत्र वापरतात आणि ते अंगांक कसे निवडले यावर उत्तर थोडे बदलते, म्हणून निबंध वाचताना अंगांकांची मूल्ये आधी शोधावीत.

न्यूट्रॉनच फुटले, प्रोटॉन नव्हे, हे कशावरून? शेजारच्या विषम अणुकेंद्रांवरून. एर्बियम-१५७ किंवा एर्बियम-१५९ च्या ज्या पट्ट्यात एक सुटा न्यूट्रॉन आय-१३/२ कक्षेतली सर्वांत सोयीची जागा अडवून बसलेला असतो, त्या पट्ट्यात हे वळण या वारंवारतेला येत नाही. होल्मियम-१५७ मध्ये मात्र सुटा कण प्रोटॉन आहे आणि तिथे वळण दिसते. संशय कोणत्या कणावर घ्यायचा, हे ठरवायला शेजाऱ्यांची साक्ष काढण्याची ही रीत या विषयातली सर्वांत विश्वासार्ह रीत आहे, असे माझे मत आहे.

पायरी सहावी: पट्टा वर कुठवर जातो ते पाहा

एर्बियम-१५८ मध्ये सुमारे २८ स्पिनजवळ आणखी एक वळण येते. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे दुसरे वळण एच-११/२ कक्षेतील प्रोटॉनांच्या जोडीमुळे येते. त्यांचे जास्तीत जास्त योगदान ११/२ अधिक ९/२, म्हणजे १० एकक.

त्याच्याही वर गेले की परिवलनच संपते. गॅडोलिनियम-१४६ हा गाभा धरला, तर एर्बियम-१५८ मध्ये त्याबाहेर चार प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन उरतात. हे बाराच्या बारा कण एकाच अक्षाशी जुळवले, तर किती कोनीय संवेग होतो ते मोजून पाहा. एच-११/२ मधील चार प्रोटॉन ११/२, ९/२, ७/२ आणि ५/२ मिळून १६ देतात. आय-१३/२ मधील दोन न्यूट्रॉन १२ देतात, एच-९/२ मधील तीन २१/२ आणि एफ-७/२ मधील तीन १५/२. एकूण ४६. याच्या पुढे या मांडणीला कोनीय संवेग वाढवताच येत नाही. तिथे अणुकेंद्र लांबट न राहता चपटे होते आणि सममिती-अक्षाभोवती कणांचा संवेग नुसता साचलेला असतो. प्रयोगात ४६ स्पिनची अवस्था ठळकपणे दिसते आणि पट्टा तिथे थांबतो. कागदावरची बेरीज आणि डिटेक्टरमधला आकडा इतका तंतोतंत जुळावा, याचे मला आजही अप्रूप वाटते. पुढे २००७ मध्ये गॅमास्फिअर या डिटेक्टर-संचाच्या साहाय्याने त्याच्याही पलीकडे, ६० च्या आसपासच्या स्पिनपर्यंत जाणारे अतिशय क्षीण पट्टे सापडले आणि सामूहिक परिवलन तिथे पुन्हा सुरू होते, असे दिसून आले.

पायरी सातवी: विरूपणाचे माप काढा

विरूपणाचे माप बीटा या अंगांकाने सांगतात. गोल अणुकेंद्रासाठी ते शून्य असते आणि चांगल्या विरूपित दुर्मीळ-मृदा अणुकेंद्रांत ०.३ च्या आसपास. झटपट अंदाजासाठी ग्रॉड्झिन्स यांच्या अनुभवसिद्ध नियमावरून निघालेले एक सूत्र आहे: द्रव्यमानांकाचा सात-तृतीयांश घात काढा, त्याला २ स्पिनच्या पातळीच्या एमईव्हीमधील ऊर्जेने गुणा, १२२४ ला त्या गुणाकाराने भागा आणि वर्गमूळ घ्या. एर्बियम-१५८ साठी उत्तर सुमारे ०.२२ येते. स्ट्रॉन्शियम-७६ मध्ये ३८ प्रोटॉन आणि ३८ च न्यूट्रॉन आहेत आणि पहिली पातळी सुमारे २६० केईव्हीवर आहे; तिथे हेच सूत्र ०.४४ देते आणि ते अणुकेंद्र खरोखरच अतिशय लांबट आहे.

परंतु हा अंदाज आहे, मोजमाप नाही. मोजमाप हवे असेल, तर पातळीचे सरासरी आयुष्य मोजावे लागते. आयुष्य पिकोसेकंदांत आणि ऊर्जा एमईव्हीमध्ये घेऊन ०.०८१६ ला आयुष्य गुणिले ऊर्जेचा पाचवा घात याने भागले, की संक्रमणाची विद्युत चतुर्ध्रुवी संभाव्यता मिळते. त्यावरून चतुर्ध्रुवी आघूर्ण आणि त्यावरून बीटा. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी अंतर्गत रूपांतरणाची (गॅमा किरणाऐवजी अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची) दुरुस्ती करायला विसरू नये. पाचव्या घाताचा परिणाम किती मोठा असतो ते उलट दिशेने पाहा: बीटा ०.२२ धरले, तर १९२ केईव्हीचा किरण सोडणारी पातळी काहीशे पिकोसेकंद टिकायला हवी, ३३५ केईव्हीची सुमारे ३० पिकोसेकंद, आणि १६ स्पिनची पातळी फक्त चार ते पाच.

या आयुष्यांनुसार पद्धत ठरते. काही पिकोसेकंद ते सुमारे एक नॅनोसेकंद या टप्प्यात प्लंजर वापरतात: लक्ष्यापासून काही मायक्रोमीटर ते काही मिलिमीटर अंतरावर दुसरा पत्रा ठेवतात, त्यात अणुकेंद्रे थांबतात, आणि उडताना सुटलेले किरण व थांबल्यावर सुटलेले किरण डॉप्लर परिणामामुळे वेगळ्या जागी दिसतात. दोन्हींचे प्रमाण अंतरानुसार कसे बदलते यावरून आयुष्य मिळते. एका पिकोसेकंदाहून लहान आयुष्यांसाठी अणुकेंद्र जड धातूच्या पत्र्यात मंदावत असतानाच सुटलेल्या किरणाचा आकार तपासतात.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. आयुष्यातून मिळणारे चतुर्ध्रुवी आघूर्ण वर्गाच्या रूपात येते, म्हणून त्याचे चिन्ह हरवते. अणुकेंद्र लांबट आहे की चपटे, हे केवळ आयुष्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी कुलंब उत्तेजन किंवा लेझर वर्णपटविज्ञान यांचा आधार लागतो, किंवा विषम शेजाऱ्यांच्या पट्ट्यांचा.

पायरी आठवी: ही लेव्हल स्कीम कोणी आणि कशी बांधली, ते तपासा

तयार यादीतले आकडे कोणीतरी कोइन्सिडन्सवरून, म्हणजे एकाच क्षणी आलेल्या किरणांवरून, लावलेले असतात. एका किरणावर गेट लावायचा, म्हणजे तो किरण आला तेवढ्याच घटना निवडायच्या, आणि त्याच क्षणी कोणते किरण आले ते पाहायचे. एका साखळीतले किरण एकमेकांसोबत दिसतात, समांतर शाखांतले दिसत नाहीत. किरणांचा क्रम तीव्रतेवरून ठरतो, कारण साखळीत खाली येताना बाजूचे प्रवाह मिळत जातात आणि तीव्रता वाढते. बॅकबेंडिंगच्या भागात ऊर्जा जवळजवळच्या असल्याने क्रम चुकण्याची शक्यता सर्वाधिक असते. अशा कामासाठी डेव्हिड रॅडफर्ड यांची रॅडवेअर ही आज्ञावली जगभर वापरली जाते.

स्पिन ठरवताना किरण कोणत्या कोनांत जास्त येतात ते पाहतात, आणि पॅरिटीसाठी त्यांचे ध्रुवण. क्लोव्हर डिटेक्टरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक एकत्र बसवलेले असतात. किरण एका स्फटिकातून विखुरून शेजारच्या कोणत्या स्फटिकात गेला, यावरून त्याचे ध्रुवण कळते आणि संक्रमण विद्युत आहे की चुंबकीय ते ठरते. भारतात अशा क्लोव्हर डिटेक्टरांचा सामायिक संच इंगा या नावाने ओळखला जातो आणि तो आळीपाळीने मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि कोलकात्यातील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर येथे मांडला गेला आहे. मुंबईत कुलाब्याच्या पेलेट्रॉन त्वरकावर आणि त्याला जोडलेल्या अतिवाहक लिनॅकवर न्यूट्रॉन-न्यून अणुकेंद्रांचे पट्टे मोजले जातात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला या विषयातला खरा प्रयोग पाहायला देशाबाहेर जावे लागत नाही, हे मुद्दाम सांगतो.

पायरी नववी: कृती जिथे फसते, ते प्रदेश ओळखा

आता पारा-१८४ घ्या. त्याच्या मूळ अवस्थेवरील संक्रमणे खालून वर सुमारे ३६७, २८७, ३४०, ४१८ आणि ४८९ केईव्हीची आहेत. पहिले गुणोत्तर १.७८ येते. हे कंपकाच्या २ पेक्षाही कमी आहे, आणि तेवढ्यावरून अणुकेंद्र गोल आहे असे म्हणणारा विद्यार्थी फसतो.

चौथ्या पायरीतली आकडेमोड इथे करा. वरून सुरुवात करा: १० स्पिनसाठी ७८, ८ साठी ७२, ६ साठी ६५. हा सुरळीत उतरणारा, उत्तम विरूपित पट्टा आहे. ४ साठी मात्र ४९ येते आणि २ साठी अवघे १६. वरच्या तीन बिंदूंतून जाणारी रेषा वारंवारतेच्या वर्गाच्या आलेखावर खाली वाढवली, तर ४ वरून २ ला सुमारे २४० आणि २ वरून ० ला सुमारे ११५ केईव्ही अपेक्षित होते. प्रत्यक्षात २८७ आणि ३६७ मिळाले. म्हणजे वरच्या पातळ्या एका लांबट आकाराच्या पट्ट्यातल्या आहेत आणि मूळ अवस्था दुसऱ्याच, किंचित चपट्या आकाराची आहे. खालच्या स्पिनला दोन्ही आकारांच्या अवस्था एकमेकींत मिसळलेल्या आहेत. लांबट पट्ट्याची स्वतःची शून्य स्पिनची अवस्था सुमारे ३७५ केईव्हीवर सापडलेली आहे. याला आकारांचे सहअस्तित्व म्हणतात. सातव्या पायरीतली सर्व सूत्रे एकच आकार गृहीत धरतात, म्हणून इथे ग्रॉड्झिन्सचे सूत्र वापरून काढलेला बीटा कोणत्याही एका आकाराचा नसतो.

पाऱ्याच्या या वेगळेपणाचा पहिला पुरावा गॅमा किरणांतून आला नव्हता. १९७२ मध्ये सर्नच्या आयसोल्डे प्रयोगशाळेत प्रकाशीय मापनांवरून पाऱ्याच्या समस्थानिकांची विद्युतभार-त्रिज्या काढली, तेव्हा पारा-१८७ वरून पारा-१८५ वर येताना ती एकदम वाढलेली आढळली. पुढे १८१, १८३ आणि १८५ या विषम समस्थानिकांच्या मूळ अवस्था ठळकपणे विरूपित आणि मधल्या सम समस्थानिकांच्या मूळ अवस्था जवळजवळ गोल, असे चित्र पक्के झाले. एका न्यूट्रॉनाने आकार पालटतो, इतके दोन्ही आकार ऊर्जेच्या दृष्टीने जवळजवळ आहेत.

शिसे-१८६ मध्ये तर प्रोटॉनांची संख्या ८२ ही जादुई आहे, आणि तरी तिथल्या सर्वांत खालच्या तीनही अवस्था शून्य स्पिनच्या आहेत: मूळ अवस्था, ५३२ केईव्ही आणि ६५० केईव्ही. २००० मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे पोलोनियम-१९० च्या अल्फा क्षयातून हे दिसले. तीन अवस्थांचा अर्थ गोल, चपटा आणि लांबट असे तीन आकार, असा लावला गेला. वरच्या दोहोंपैकी कोणती कोणत्या आकाराची, हा प्रश्न पुढच्या प्रयोगांतही तपासला गेला आहे.

सरावासाठी दोन अणुकेंद्रे घ्या. पारा-१८२ मध्ये पहिल्या तीन पातळ्या सुमारे ३५२, ६१३ आणि ९४६ केईव्हीवर आहेत. गुणोत्तर काढा, प्रत्येक संक्रमणाचे जडत्व आघूर्ण काढा आणि पारा-१८४ च्या शेजारी त्याच कागदावर बिंदू मांडा. मग पारा-१८८ घ्या, जिथे पहिल्या दोन पातळ्या सुमारे ४१३ आणि १००५ वर आहेत आणि दुसरी शून्य स्पिनची अवस्था ८२४ केईव्हीपर्यंत वर गेलेली आहे. तिथे ४ वरून २ ला येणारे संक्रमण २ वरून ० ला येणाऱ्या संक्रमणापेक्षा पुन्हा मोठे होते, आणि लांबट पट्टा खालच्या दोन पातळ्यांपासून दूर सरकल्याची खूण आकड्यांतच दिसते.